इंजिनाचा उच्छ्वास आणि तेल झेलणारा डबा

गेल्या खेपेस आम्हीं या सदरांत प्रेशर कुकरच्या सुरक्षा-झडपेविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आमच्याच घरांतून आक्षेप निघाला. "काका, स्वयंपाकघरांतल्या झडपेवर तुम्ही व्याख्यान देतां, परंतु मोटारीच्या झडपेपायीं जें घडलें तें मात्र लिहीत नाहीं." आक्षेप रास्त होता. आक्षेप घेणारे आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव; आणि जें घडलें त्यांत चूक त्यांची नसून आमची होती, ही गोष्ट त्यांनीं त्या वेळीं उच्चारली नव्हती व आम्हींही दोन दिवस उच्चारली नव्हती. तेव्हां आज तें सर्व यथाक्रम सांगावें असा विचार आहे.

वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हा विषय शर्यतीच्या गाड्या हांकणाऱ्या तरुणांचा. गृहस्थाश्रमी कुटुंबाच्या मासिकांत त्याचें प्रयोजन काय? परंतु आजकाल घरोघरीं ज्या मोटारी येतात त्यांतील पुष्कळांच्या इंजिनांस टर्बो जोडलेला असतो. घरांतील तरुण मंडळी ती गाडी अधिक जोमदार व्हावी म्हणून तिच्यांत फेरफार करूं पाहतात. आणि त्या फेरफारांचा खर्च व परिणाम मात्र सर्व कुटुंबास वांटून घ्यावे लागतात. 'ऑइल कॅच कॅन', म्हणजे तेल झेलणारा डबा, हा अशा फेरफारांपैकीं एक. तो कशासाठीं, कोठें बसवावा, आणि कोणत्या चुकीनें तो उपकाराऐवजीं अपकार करतो, इतकें तरी वडीलधाऱ्यांस ठाऊक असावें.

प्रथम मूळ कारण पाहूं. सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटतें तेव्हां आंतील दाब क्षणमात्र फार वाढतो. टर्बोच्या इंजिनावर पूर्ण भार असतां तो वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीच्या घरांत जातो. पिस्टनच्या भोंवतीं रिंगा असतात व त्या हा दाब अडवून धरतात. परंतु कोणतीही रिंग अगदीं निश्छिद्र बसत नाहीं. तापून फुगण्यास जागा हवी म्हणून तिच्या दोन टोंकांमध्यें बारीकशी फट ठेवावीच लागते. या फटींतून वायूचा कांहीं अंश खालीं, क्रँक ज्या पेटींत फिरतो तिच्यांत, उतरतो. यांत्रिक मंडळी यास 'ब्लो-बाय' म्हणतात. इंजिन कितीही नवें व निर्दोष असो, हें थोडें फार व्हावयाचेंच.

खालीं उतरलेला हा वायु एकटा राहत नाहीं. क्रँक मिनिटास हजारों फेरे घेत असतो. त्या वेगानें तेलाचे बारीक तुषार उडतात. त्यांत पेट्रोलची वाफ, काजळी व पाणी मिसळतें. "तेलाच्या पेटींत पाणी कोठून आलें?" असा प्रश्न आमच्या मातुःश्रींनीं केला होता. त्याचें उत्तर असें कीं, पेट्रोलमधील हायड्रोजन जळला म्हणजे त्याचें पाणीच होतें. एक लिटर पेट्रोल जळलें तर जवळ जवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. त्यांतील बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातें. थोडें रिंगांच्या फटींतून खालीं येतें. गाडी रोज बाजारापर्यंतच जाऊन परत येत असेल, तर इंजिन पुरतें तापत नाहीं आणि तें पाणी तेलांत मिसळून ताकासारखा पांढुरका फेस होतो.

हा सर्व वायु बाहेर पडण्यास वाट नसेल, तर पेटींत दाब सांठेल आणि तेल सीलांतून व पॅकिंगांतून मिळेल तेथून बाहेर येईल. म्हणजे इंजिनास श्वासाइतकाच उच्छ्वासही आवश्यक आहे. पूर्वींच्या मोटारींत या उच्छ्वासासाठीं एक नळी गाडीखालीं उघडी सोडलेली असे व सर्व घाण रस्त्यावर जाई. अमेरिकेंत लॉस अँजेलिस शहरावर जें दाट धुरकें पसरे त्याचें मूळ शोधतां शोधतां आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञानें १९५२ च्या सुमारास मोटारींकडे बोट दाखविलें. पुढें असें आढळलें कीं, मोटारींतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनपैकीं सुमारें पांचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर या उघड्या नळींतून येतो. तेव्हां कॅलिफोर्निया संस्थानानें १९६१ मध्यें असा दंडक ठरविला कीं, हा वायु बाहेर न सोडतां इंजिनाच्याच तोंडीं पुनः देऊन जाळून टाकावा. १९६३ पासून तो तेथें विकल्या जाणाऱ्या गाड्यांस लागू झाला. आज आपल्या दारांतील गाडींत जी 'पी. सी. व्ही.' नांवाची लहानशी झडप असते तिचा वंश हा असा आहे.

साध्या इंजिनांत ही व्यवस्था सरळ आहे. इंजिन नेहमीं हवा ओढीत असतें. त्या ओढीनें पेटींतील वायु झडपेंतून वर येतो व जळून जातो. टर्बो आला म्हणजे प्रकरण पालटतें. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानें १९०५ मध्यें ज्याचें पेटंट घेतलें, त्या या युक्तीचें सार असें: बाहेर जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरवावें, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें आंत येणारी हवा दाबावी, आणि दाबलेली हवा इंजिनास द्यावी. गाडी निवांत चालली असतां हवेच्या मार्गांत पूर्वींप्रमाणेंच ओढ असते. परंतु चढावर पाय दाबला कीं टर्बो हवा दाबूं लागतो, आणि जेथें ओढ होती तेथें उलट दाब येतो. जें तोंड आतांपर्यंत शोषून घेत होतें तेंच फुंकूं लागतें! तें फुंकणें पेटींत जाऊं नये म्हणून झडप मिटते, आणि पेटींतील वायु दुसऱ्या वाटेनें, इंजिनाच्या माथ्यावरील झांकणांतून निघून टर्बोच्या पुढील नळींत, जातो. कारण टर्बो स्वतः हवा ओढीत असल्यामुळें तेथें ओढ कायम असते. प्राणायाम करणारा जशी नाकपुडी पालटतो, तसें हें इंजिन उच्छ्वासाची वाट पालटतें. ही दोन वाटांची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व अनर्थ ती विसरल्यानें झाला.

या दोन्ही वाटांनीं जाणारें तेल काय उपद्रव करतें? श्रमाच्या वेळच्या वाटेनें गेलेलें तेल टर्बोंतून पुढें हवा थंड करणाऱ्या जाळींत, म्हणजे इंटरकूलरांत, जाऊन बसतें; आंतून तेलाचा थर आला म्हणजे हवा पुरेशी थंड होत नाहीं. शिवाय तेलमिश्रित हवा अवेळीं पेटण्याकडे कल दाखविते. त्यास 'नॉकिंग' म्हणतात, व तें पिस्टनचें शत्रु आहे. निवांत वाटेनें गेलेलें तेल हवा आंत घेणाऱ्या झडपांच्या पाठीवर बसून तेथें करपतें. पूर्वीं पेट्रोल त्या झडपांच्या पाठीवरच फवारलें जाई व त्यानें त्या धुऊन निघत. आतां पुष्कळ इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरांत सोडतात. हा प्रकार १९५४ च्या सुमारास मर्सिडीज ३०० एसएल या वेगवान गाडींत आला होता आणि १९९६ मध्यें मित्सुबिशीनें तो साध्या घरगुती मोटारींत आणला. त्यानें इंधनाची बचत होते हें खरें. परंतु झडपांचें स्नान बंद झालें. कढईच्या बुडाशीं जसा काळा थर चढतो तसा तो त्यांवर चढतो. म्हणूनच कांहीं कारखानदार आज दोन्ही ठिकाणीं फवारे ठेवतात.

आतां घरची हकीकत. चिरंजीवांनीं स्वतःच्या मिळकतींतून एक टर्बोची, जोमदार म्हणून प्रसिद्ध असलेली गाडी जुनी विकत घेतली. गाडी दहा वर्षांची. थंडीच्या दिवसांत सकाळीं चालू केली कीं ती तापकऱ्यासारखी कांपे. पुण्यास नेऊन दाखविली तेव्हां झडपांवर काजळीचा जाड थर निघाला. अक्रोडाच्या कवचांचा बारीक भरडा दाबाच्या हवेनें मारून तो खरवडावा लागला. धातूस ओरखडा न येतां काजळी निघावी म्हणून ही युक्ति. बिल पाहून आमच्या बंधूंचा चेहरा पालटला. "गाडी विकून टाक," असें त्यांनीं जेवतांनाच बजावलें. चिरंजीवांनीं विनंती केली कीं, एक तेल झेलणारा डबा बसवून पाहतों. पुनः एवढा खर्च पडला तर मीच गाडी विकीन. आम्हीं मध्यस्थी केली व संमति मिळविली. लहान शाळेंत संस्कृताबरोबर विज्ञानाचे तासही पुष्कळ वर्षें आमच्याकडे होते. त्यामुळें या कामांत आपला उपयोग आहे असें आम्हांस मनापासून वाटत होतें.

हा डबा म्हणजे मोठेंसें गूढ नव्हे. अर्ध्या लिटरचा अॅल्युमिनियमचा डबा. त्यास एक आंत येण्याचें तोंड, एक बाहेर जाण्याचें, खालीं तेल काढण्याची तोटी. आंत आडवे पडदे व पोलादी तारेची जाळी. तेलानें भरलेला वायु आंत आला कीं पडद्यांमुळें त्यास वळावें लागतें. वायु हलका म्हणून वळतो. तेलाचे थेंब जड म्हणून वळूं शकत नाहींत, ते पडद्यावर आपटतात आणि ओघळून तळाशीं जातात. डबा थंड असेल तर वाफही त्याच्या अंगावर निवते. बाजारांत कांहीं स्वस्त डबे आंतून अगदीं रिकामे असतात; त्यांतून वायु एका तोंडानें शिरून दुसऱ्यानें सरळ निघून जातो आणि तेल त्याच्याबरोबर जातें. विकत घेतांना झांकण उघडून पाहावें; आंत पडदे व जाळी नसेल तर तो डबा लोणच्यासही घेऊं नये.

घराच्या अंगणांत मिस्त्री आले. गाडीची मूळची झडप चिकट झाली होती. ती त्यांनीं काढून टाकली, कारण डब्याबरोबर एक नवी एकमार्गी झडप आली होती. इंजिनाच्या पेटींतून नळी डब्यांत, डब्यांतून झडपेकडे, आणि झडपेंतून इंजिनाच्या हवेच्या मार्गांत, असा क्रम होता. झडपेवर एक बाण कोरलेला होता. मिस्त्रींनीं विचारलें, "मास्तर, बाण कोणीकडे?" आम्हीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, "डब्याकडे. तेल डब्यांतच जावयाचें ना?" चिरंजीव थोडे घुटमळले. म्हणाले, "काका, एकदां तोंडानें फुंकून पाहूं का?" आम्हीं हंसून म्हटलें, "बाण वाचतां येण्याइतकी विद्या आमच्याजवळ आहे." त्यांनीं आमचा मान राखला, व झडप बसली.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. बाण वायूची दिशा दाखवितो. वायु डब्यांतून इंजिनाकडे जावयाचा. म्हणून बाण इंजिनाकडे हवा होता. आम्हीं तो डब्याकडे केला. आतां मौज अशी कीं, अंगणांत गाडी चालू केली तेव्हां कांहींच बिघडलें नाहीं. निवांत वेळचा मार्ग बंद झाला खरा, परंतु थोडासा वायु दुसऱ्या वाटेनें निघून गेला. गाडी कांपली नाहीं, दिवा लागला नाहीं. पाव तास आम्ही तिच्या भोंवतीं समाधानानें फिरलों.

पुढील रविवारीं मातुःश्रींस क्षेत्र महाबळेश्वरीं दर्शनास नेण्याचें ठरलें होतें. आमचें घर वाईस. वाईहून पांचगणीस जाणारा पसरणीचा घाट वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. गाडींत चिरंजीव, त्यांची धाकटी बहीण, मातुःश्री आणि आम्ही. घाटाची तिसरी कीं चवथी वळणें झालीं असतील. पुढील ट्रक मागें टाकण्यासाठीं चिरंजीवांनीं पाय दाबला, टर्बोनें जोर धरला, आणि झांकणाखालीं बाटलीचें बूच उडावें तसा आवाज झाला. पाठोपाठ जळक्या तेलाचा उग्र वास, आणि मग धूर. चिरंजीवांनीं गाडी डोंगराच्या बाजूस घेऊन इंजिन बंद केलें. सर्वांस खालीं उतरवून लांब उभें केलें. मातुःश्रींचें वय ८६. त्यांचा हात धरून नेतांना आमचा स्वतःचा हात थरथरत होता.

झालें होतें तें इतकेंच: चढावर हवेच्या मार्गांत दाब येतांच आमची उलटी झडप उघडली आणि टर्बोची दाबलेली हवा सरळ तेलाच्या पेटींत शिरली. तेथील दाब असह्य होऊन तेल मोजण्याची काडी, डिपस्टिक, नळींतून उडाली आणि तिच्यामागून तेल उसळून तप्त भागांवर पडलें. पेट घेण्यास फारसें कांहीं कमी नव्हतें. ईश्वरकृपेनें पेट घेतला नाहीं. दुसरी गाडी बोलावून सर्व घरीं परतलों, दर्शन राहिलें.

रात्रीं बंधूंनीं चिरंजीवांस फार कठोर शब्दांनीं बोलून घेतलें. आजीचा जीव धोक्यांत घातलास, असें म्हणाले. चिरंजीव खालीं मान घालून ऐकत राहिले. बाण कोणी सांगितला हें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्ही समोरच बसलों होतों. आम्हींही सांगितलें नाहीं. चाळीस वर्षें मुलांस 'खरें बोला' म्हणून शिकविलेल्या तोंडास त्या रात्रीं कुलूप लागलें. तिसऱ्या दिवशीं जेवतांना तें असह्य होऊन आम्हीं सर्वांदेखत सांगून टाकलें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मातुःश्री म्हणाल्या, "पोरांच्या हातावर छडी देत होतास ना? आतां तूं हात पुढें कर." सर्व हंसले, परंतु बंधु ताटावरून उठून मुलाच्या पाठीवर हात ठेवून आंत गेले, तें आम्हीं पाहिलें.

त्यानंतर काम पुनः केलें, आणि या वेळीं कोणाच्याही विद्येवर भिस्त न ठेवतां. काय केलें तें सांगतों, म्हणजे ज्यांस करावयाचें असेल त्यांस उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट झडपेची. बसविण्यापूर्वीं ती हातांत घेऊन तोंडानें दोन्ही बाजूंनीं फुंकून पाहावी. डब्याच्या बाजूनें फुंकलें असतां वारा पार गेला पाहिजे. इंजिनाच्या बाजूनें फुंकलें असतां मुळींच जातां कामा नये. हिला दोन निमिषें लागतात. गाडीची मूळ झडप चांगली असेल तर ती काढूंच नये. ती आमची बिघडली होती म्हणून नवी मूळ प्रतीची आणून बसविली, व डब्याबरोबरची दुसरी रक्षक म्हणून राहूं दिली.

दुसरी गोष्ट दोन वाटांची. एकाच वाटेवर डबा ठेवला तर दुसऱ्या वाटेनें तेल जातच राहतें. आम्हीं माथ्यावरील झांकणापासून टर्बोकडे जाणाऱ्या नळींतही एक डबा घातला. या वाटेवर एकमार्गी झडप मुळींच घालावयाची नाहीं, आणि नळी मूळ नळीहून लवमात्रही अरुंद असतां कामा नये. कारण श्रमाच्या वेळीं सर्व उच्छ्वास हिच्यावाटेच व्हावयाचा. ही वाट कोंडली तर पेटींत दाब सांठतो. टर्बोच्या दांड्यास वंगण करून तेल परत पेटींत येतें तें केवळ उतारानें वाहत येतें, त्यास ढकलणारा पंप नसतो. पेटींत दाब असेल तर तें तेल खालीं उतरत नाहीं. टर्बोंतच तुंबून त्याच्या सीलांतून गळतें व गाडी निळा धूर सोडूं लागते. मग लोक टर्बो बिघडला म्हणून नवा बसवितात, आणि खरा दोष एका अरुंद नळीचा असतो.

तिसरी गोष्ट नळीच्या जातीची. पाण्यासाठीं जी रबरी नळी असते ती तेलास चालत नाहीं. तेलानें ती फुगते, मऊ पडते व आंतून सोलपटते. तेल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराची, जाड अंगाची नळी घ्यावी. पातळ असली तर ओढीनें ती चपटी होते. वळण तीव्र देऊं नये, आणि नळीस मध्येंच झोळ पडूं देऊं नये. त्या झोळांत तेल व पाणी सांठून वाट बंद होते. सर्व जोड क्लिपांनीं घट्ट हवेत. बारीकशी जरी फट राहिली तरी मापांत न आलेली हवा आंत शिरते, इंजिन निवांत असतां अडखळतें आणि समोर पिंवळा दिवा लागतो.

चवथी गोष्ट जागेची. डबा टर्बोपासून व धुराच्या नळापासून दूर, वारा लागेल अशा थंड ठिकाणीं, पोलादी पट्टीनें पक्का बसवावा. आणि तोटीपर्यंत हात पोंचला पाहिजे. जेथें हात पोंचत नाहीं तो डबा कोणी रिकामा करीत नाहीं, आणि भरलेला डबा हा नसलेल्या डब्याहून वाईट. सांठलेलें सर्व तेल एकदम इंजिनांत ओढलें जाऊं शकतें.

पांचवी गोष्ट परीक्षेची; आणि येथें आमच्या जुन्या धंद्याचा खरा उपयोग झाला. शाळेंत दाब मोजण्यासाठीं यू आकाराची नळी वापरीत असूं. तशी पारदर्शक नळी वांकवून लांकडी पट्टीस बांधली, तींत थोडें कुंकवाचें पाणी घातलें, आणि डिपस्टिकची काडी काढून तिच्या नळीस एक टोंक जोडलें. गाडी निवांत चालू असतां पाणी इंजिनाच्या बाजूस दोन-तीन बोटें चढलें. म्हणजे पेटींत हलकी ओढ होती, आणि ती असावयासच हवी. मग लांब नळी गरम भागांपासून व पट्ट्यांपासून दूर बांधून आंत घेतली व पुनः पसरणीचा घाट चढलों. चिरंजीवांनीं केवळ रस्त्याकडे पाहावयाचें. नळीकडे त्यांच्या बहिणीनें. पूर्ण जोरावरही पाणी आमच्या बाजूस बोटभरापलीकडे सरकलें नाहीं. उलट्या झडपेच्या वेळीं हें यंत्र असतें, तर पहिल्याच वळणावर सर्व पाणी आमच्या अंगावर आलें असतें व तेवढ्यावरच भागलें असतें! नळीच्या बाजू हातभर उंच व पाणी थोडें ठेवावें, म्हणजे तें इंजिनांत ओढलें जाण्याची भीति राहत नाहीं.

सहावी गोष्ट शेजाऱ्यांची. कांहीं तरुण डब्यावर लहानसें गाळणें बसवून वायु तसाच बाहेर सोडतात व इंजिनाची वाट बंद करून टाकतात. शर्यतीच्या मैदानांत उघडा उच्छ्वास असलेल्या गाड्यांस आंतरराष्ट्रीय मोटार-शर्यत मंडळाच्या, एफ. आय. ए. च्या, नियमांनीं तेल धरण्याचें पात्र सक्तीचें केलें आहे. २००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास २ लिटरचें, त्याहून मोठ्यास ३ लिटरचें. हेतु हा कीं, तेल धांवपट्टीवर सांडून मागच्याची गाडी घसरूं नये. तें मैदान निराळें, आपली आळी निराळी. रस्त्यावरील गाडीचा हा वायु थांबल्या वेळीं गाडींतील माणसांच्याच नाकांत येतो, आणि त्यांत म्हातारीं माणसें व मुलें असतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यास मर्यादा घालतें, व २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें कठोरपणें वाचलें आहे. वायु बंदिस्त ठेवून इंजिनासच परत द्यावा. कारखान्याची हमी चालू असलेल्या गाडीस मात्र हात लावण्यापूर्वीं हमीचा कागद नीट वाचावा.

डब्यांत जें सांठतें तें केवळ तेल नव्हे. त्यांत पाणी व पेट्रोलही असतें, आणि तें पेट घेऊं शकतें. तें पुनः इंजिनांत ओतूं नये, मोरींत वा कृष्णेंतही ओतूं नये. गॅरेजमध्यें जुन्या तेलाचें पिंप असतें तेथें द्यावें. पावसाळ्यांत व थंडींत पाणी अधिक निघतें. ज्यांचीं मुलें कानडांत वा अमेरिकेच्या उत्तर भागांत आहेत त्यांनीं कळवावें कीं, तेथील हिवाळ्यांत हें पाणी डब्यांत गोठून वाटच बंद करतें. म्हणून तेथें तो वरचेवर रिकामा करावा, किंवा हिवाळ्यापुरता काढून मूळ नळी जोडावी. आमच्या गाडींत पहिल्या हजार किलोमीटरांत दोन-तीन चमचे काळें पाणी निघालें. डबा झपाट्यानें भरूं लागला तर मात्र डब्याचें कौतुक करूं नये. रिंगा झिजल्या आहेत असें समजून सिलिंडरांचा दाब तपासून घ्यावा. ताप मोजणारी काडी ताप उतरवीत नाहीं.

आतां शेवटचा प्रश्न: एवढें करून लाभ किती? खरें सांगावयाचें तर, झडपांच्या दांड्यांवरूनही थोडें तेल उतरतेंच. म्हणून काजळी अगदींच बंद होईल असें वचन कोणी देऊं नये. ती हळू बसेल, इतकीच आशा. ज्याची गाडी मूळ स्थितींत आहे, शांतपणें चालविली जाते, व ज्याचें तेल वेळेवर बदललें जातें, त्यास या डब्याची गरज बहुधा नाहीं. कारखानदारानें तेल वेगळें करण्याची लहानशी व्यवस्था आंत केलेलीच असते. ज्यानें जोर वाढविला आहे, जो घाटांत व दूरच्या रस्त्यांवर इंजिन राबवितो, त्यास तो उपयोगी आहे. मात्र त्यानें तो पाळीव जनावरासारखा सांभाळला पाहिजे. ज्यास दरमहा तोटी उघडण्याचा कंटाळा आहे त्यानें तो घेऊंच नये.

गेल्या पंधरवड्यांत मातुःश्रींचें महाबळेश्वरचें राहिलेलें दर्शन झालें. गाडी तीच, चालविणारे चिरंजीवच. घाट लागण्यापूर्वीं त्यांनीं गाडी थांबविली, झांकण उघडलें, आणि आम्हांस हाक मारून म्हणाले, "काका, बाण कोणीकडे आहे तें एकदां पाहून घ्या." आम्हीं खालीं उतरून चष्मा लावला व पाहिलें. बाण इंजिनाकडे होता.